आंब्याखालचा खुंटा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा संध्याकाळी इथं वळवानं झोडपून काढलं. आधी जोतिबाच्या डोंगराकडनं धुळीचा लोट आला, मागोमाग गारा. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांची ताडपत्री वाऱ्यानं फाटकन उलटली, चुरमुरे रस्ताभर झाले. आम्ही सगळे एका दुकानात शिरलो आणि गोष्टी सुरू झाल्या. कुणाचा पत्रा उडून उसात पडलेला, कुणाच्या आजीनं गारा थांबाव्यात म्हणून अंगणात कोयता टाकलेला, कुणाचा चुलता पायाळू, पायाकडनं जन्मलेल्यावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गरजलं की त्याला घरात कोंडायचे. ऐकता ऐकता ध्यानात आलं, ज्या गोष्टीत वीज पडून माणूस गेला, तिच्यात झाड होतंच.

बाबा, तुमच्या गोष्टीतही आहे. बांधावरचा आंबा, खाली बैलजोडी, आणि तुम्ही मोटर बंद करायला गेलात तेवढ्यात पडलेली वीज. मेलेल्या बैलांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, एवढं सांगून तुम्ही गप्प व्हायचा. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळं प्रवाह एका पायानं चढतो आणि छातीतनं दुसऱ्या पायानं उतरतो. आपल्या बैलांना वीज वरनं लागलीच नसेल, पायांखालनं आली असेल. जोतिबानं तुम्हाला राखलं हे मीही मानते, पण आता परीक्षा नको.

गडगडाट ऐकू आला की वीज टप्प्यात आली असं समजा. वैरण भिजू दे, मोटरच्या पेटीला हात लावू नका, सरळ घर गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आई, चटणीच्या मिरच्यांसाठी तूही धावू नकोस, मी नव्या आणून देईन. आणि वीज लागलेल्या माणसाला शिवू नये म्हणतात ते खोटं आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागायचं आणि १०८ ला फोन करायचा. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगा.

रविवारी येते, तेव्हा फोनवर दामिनी ॲप घालून देईन. जवळपास वीज पडायचा धोका असला की ते आधी कळवतं. त्याआधी बाबा, म्हशीचा आंब्याखालचा खुंटा उपटा आणि गोठ्यात ठोका.

तुमची,
ताई