खुकरी काढण्याआधी आईला विचारणाऱ्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

आजोबांची खुकरी पारखून दिलीत म्हणून फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पावसाचा विषय काढलात. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची खुकरी तुमच्याआधी बऱ्याच जणांनी हाताळली. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने ती खसकन ओढून काढली, टेबलाच्या कडेवर टक्कन आपटली आणि भंगाराच्या भावात मागितली. दुसरा म्हणाला, "बफिंग मारून देतो, नवीकोरी दिसेल." तिसऱ्या महाशयांनी नुसता फोटो बघून लाखांचा आकडा सांगितला आणि त्याच दमात सर्टिफिकेटसाठी पैसे मागितले. तिघांपैकी एकानेही ती कोणाची, हे विचारलं नाही. आई शेजारीच बसलेली होती.

तुम्ही खुकरी म्यानासकट मांडीवर घेतलीत, हात रुमालाला पुसलेत आणि आईकडे बघून विचारलंत, "ताई, काढू का?"

मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त हेच आठवतं. आई नुसती मान हलवून हो म्हणाली, पण परतीच्या एसटीत ती साताऱ्यापासून घरापर्यंत आजोबांबद्दल बोलत होती. त्यातलं निम्मं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मग तुम्ही तिला म्यान कसं धरायचं तेही दाखवलंत: बोटं पाठीच्या बाजूने, धारेच्या बाजूला कधीच नाही, कारण जुनी शिवण उसवलेली असली तर पातं चामड्यातून थेट बोटात येतं. आपटणाऱ्या त्या दुकानदाराची बोटं अजून शाबूत आहेत, याचं मला जरा आश्चर्य वाटतं.

बाकी पारख तुम्ही इतकी सहज केलीत की नंतर लक्षात आलं, आपण केवढं शिकलो. पात्यावरचा बाण आणि त्याच्यासोबतचं आय हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या मालाचा शिक्का. शेजारी मार्क २, म्हणजे तिचा नमुना, आणि १९४३ हे साल. मुठीच्या बुडापर्यंत आरपार गेलेलं पोलाद, लाकूड धरून ठेवणारी दोन रिबिटं, शेवटी पोलादी पट्टी. सहलीत विकायला ठेवतात त्या सिंहाच्या तोंडाच्या मुठीशी हिचा काही संबंध नाही. ग्राइंडरवर धरून धार निळी पडली असती तर पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असतं, तसं झालेलं नाही. तो काळसर थर घालवायचा नाही, तेच तिचं वय. तांबडा गंज दिसला तर तेवढाच, मऊ फडक्याने आणि तेलाने. म्हणजे बफिंगवाल्याने पैसे घेऊन तिची निम्मी किंमत पुसून टाकली असती!

आणि किंमत तरी तुम्ही कशी सांगितलीत! "युद्धात अशा ढिगाने बनल्या. चांगली आहे, खरी आहे, दुर्मीळ नाही." आमचा चेहरा पडेल म्हणून एक रुपया वाढवून सांगितला नाहीत. घरात गोष्ट अशी आहे की इटलीत एका गुरखा दोस्ताने ती आजोबांना दिली. आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तीच पलटण. तुम्ही म्हणालात, ही पलटण ज्यात होती त्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठे होते आणि गुरखेही होते, साल जुळतं, त्यापुढचं पातं सांगत नाही. गोष्टीला हसला नाहीत आणि तिच्यावर खोटा शिक्काही मारला नाहीत.

ज्याला कळतं त्याने न कळणाऱ्याला लहान न करणं, एवढी साधी गोष्ट आजकाल इतकी का महाग झालीय? दवाखान्यात, बँकेत, गॅरेजमध्ये, जिथे जावं तिथे माहिती असलेला माणूस ती आपल्या अंगावर फेकतो. तुम्ही आयुष्यभर आर्मरर म्हणून हत्यारं दुरुस्त केलीत, तरी आईच्या "ही बोथट का झालीय?" या प्रश्नालाही नीट उत्तर दिलंत. चहाचेही पैसे देऊ दिले नाहीत, ते वेगळंच.

तुमच्या सांगण्यावरून खुकरी आता म्यानाबाहेर ठेवलीय, कारण चामडं ओल धरतं. आईने खोबरेल तेलाची बाटली बाजूला सारून शिलाई मशीनचं तेल आणलंय आणि दर महिन्याला स्वतः हात फिरवते, मला करू देत नाही. तिचा एक प्रश्न राहिलाय: म्यानाच्या चामड्याला मेण चालेल का, की तसंच ठेवायचं? फोनवर सांगितलंत तरी चालेल, पण ती म्हणते की जेवायलाच या.

आपली कृतज्ञ,
हवालदारांची नात