रिकाम्या हाताने पाठवू नका

प्रिय दानिएल,

ख्रिस्तात सलाम.

तुझं पत्र मिळालं. मंडळीत मुलांची तस्करी आणि गुलामगिरी यांविरुद्ध गट उभा राहतोय आणि 'आपण किती मुलं सोडवू शकू?' हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आहे, असं तू लिहितोस. घाई समजते. पण धाड घालून सोडवणं हे पोलिसांचं आणि बालसंरक्षण यंत्रणेचं काम. मंडळीचं काम त्याच्या आधी आणि नंतर येतं, आणि तिथेच माणसं कमी पडतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाक. प्रत्येक बालमजूर गुलाम नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021च्या अंदाजानुसार 4.96 कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते: 2.76 कोटी सक्तीच्या श्रमात, 2.2 कोटी सक्तीच्या लग्नात. बालमजुरीचा आकडा वेगळा आणि कितीतरी मोठा आहे. तस्करीची व्याख्या 2000 सालच्या पालेर्मो करारात, म्हणजे माणसांच्या तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, सापडेल. तिला तीन अंगं आहेत: कृती (नेणं, ठेवणं, हवाली करणं), मार्ग (धाक, फसवणूक, लाचारीचा फायदा) आणि हेतू (शोषण). अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत मधलं अंग सिद्ध करावंच लागत नाही. त्यामुळे 'ती स्वतःच्या मर्जीने आली', 'आईबापांनीच पाठवलं' ही उत्तरं मुलाच्या बाबतीत टिकत नाहीत. गटातल्या प्रत्येकाला हे पाठ असू दे.

साखळदंड शोधू नका, हिशेबाची वही शोधा. उचल दिली जाते, व्याज मालक ठरवतो, राहण्याजेवण्याचे पैसे पगारातून कापतो आणि कागदपत्रं 'सांभाळायला' स्वतःकडे ठेवतो. मजुराला स्वतःवर नेमकं किती कर्ज आहे हे सांगता आलं नाही, तर शंका घ्यायला ते पुरेसं कारण आहे. दुसरी खूण म्हणजे त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसराच कोणी देतो.

शंका आली तर मालकाला जाब विचारायचा नाही. रातोरात सगळ्यांना हलवलं जातं आणि पुरावाही जातो. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि दिसलं तेवढंच लिहून बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. मूल आपणहून बोललं तर ऐकून घ्या, त्याचेच शब्द टिपून ठेवा, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. खोदून विचारू नका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की जबाब बदलत जातो आणि कोर्टात आरोपीचा वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो. मुलांवरच्या अत्याचाराची चित्रफीत कोणाच्या मोबाइलवर आली, तर ती 'जागृतीसाठी'सुद्धा पुढे पाठवायची नाही. तो गुन्हा आहे, आणि त्या मुलाचं पुन्हा शोषणही. कुठे दिसली एवढंच कळवा.

'पैसे देऊन सोडवू या' असं कोणीतरी म्हणेलच. 1990च्या दशकात सुदानमध्ये काही ख्रिस्ती संघटनांनी पैसे मोजून माणसं सोडवली. युनिसेफने त्यावर टीका केली, कारण गिऱ्हाईक मिळालं की विकणाऱ्याचा धंदा वाढतो. मग बायबलमधलं पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पुढे केलं जाईल: फिलेमोनाचा दास अनेसिम, त्याचं देणं पौलाने आपल्या नावावर मांडायला सांगितलं ना? सांगितलं. पण त्याने अनेसिमाची किंमत विचारली नाही. दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असं सांगितलं. आणि ते पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे, म्हणजे चार लोकांसमोर. मला ती युक्ती फार आवडते.

आता अवघड विषय. ख्रिस्ती देणग्या आणि अनाथालयं. जगभर अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात असतात. देणगी डोक्यामागे मिळू लागली की डोकी गोळा करणारे दलाल तयार होतात. गरीब घरांतून शिक्षणाच्या नावाखाली मुलं आणली जातात आणि पाहुण्यांसमोर गायला उभी केली जातात. 2017 साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीच्या चौकटीत धरलं. मंडळी कुठल्या संस्थेला वर्गणी देत असेल तर विचार: मूल इथे का आलं, हे कोणत्या सरकारी कागदावर लिहिलंय? घरच्यांना शेवटचं कधी भेटलं? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? तिसऱ्या प्रश्नावर गप्प बसणाऱ्या संस्थेची वर्गणी तिथेच थांबव आणि तोच पैसा घरांना आधार देण्याकडे वळव. मात्र मुलांची सोय लागेपर्यंत टप्प्याटप्प्याने, नाहीतर तीच मुलं रस्त्यावर येतील.

आता नंतरचं काम. बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक (23:15-16) सांगतं, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नये, त्याला आवडेल त्या ठिकाणी राहू द्यावं. निवड त्याची. निवारा म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावणारी घरं मग कोणत्या शास्त्रात बसतात? आणि अनुवाद 15:13-14 म्हणतं, मोकळं करताना रिकाम्या हाताने पाठवू नका; कळप, खळं आणि द्राक्षकुंड यांतून उदार हाताने द्या. पुनर्वसनाची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

सुटलेलं माणूस पुन्हा अडकतं त्याची कारणं साधी असतात. घरचं कर्ज तसंच असतं. नेणारा बहुधा ओळखीचा, कधी नात्यातला असतो आणि तो अजून शेजारीच राहतो. बारा वर्षांच्या मुलाला दुसरीच्या वर्गात बसवलं की ते आठवड्यात पळतं. म्हणून एका व्यक्तीमागे चार-पाच घरांचा गट करा, निदान दोन वर्षांसाठी, आणि कामं वाटून घ्या: एक ओळखपत्रं आणि तिच्याच नावाचं बँक खातं बघेल, एक दवाखाना आणि समुपदेशक, एक कोर्टाच्या तारखा, एक शाळा किंवा कामधंदा. पहिले काही दिवस फक्त झोप, जेवण आणि डॉक्टर. रात्री ओरडून उठणं, अन्न लपवून ठेवणं, मदत करणाऱ्यावरच चिडणं हे सगळं होणार. त्याला कृतघ्नपणा समजून कितीतरी स्वयंसेवक काही महिन्यांतच गळतात.

मदतीला उपासनेची किंवा बाप्तिस्म्याची अट नको. लाचारीचा फायदा घेणं म्हणजे काय हे आत्ताच वर लिहिलंय. आणि साक्षीसाठी मुलाला व्यासपीठावर उभं करायचं नाही, चेहरा झाकूनही नाही.

आधीचं काम मात्र तुझ्या मंडळीच्याच बाकांवर आहे. कुणाच्या घरी 'मुलीसारखी' ठेवलेली मुलगी शाळेत जाते का? ज्यांचे कारखाने आहेत, त्यांच्या कामगारांनी नोकरी मिळवायला दलालाला किती पैसे भरले? तो खर्च मालकाचा. तो कामगाराच्या माथी मारला तर कर्ज तिथेच सुरू होतं. 'मजुरांची मजुरी ओरडत आहे' हे याकोब 5:4 वाचताना सभासद मान हलवतात, आपल्या ठेकेदाराची हजेरीवही मात्र मागत नाहीत. मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ हवेत, आणि पाळकाविरुद्धची तक्रार पाळकाकडे जाणार नाही अशी सोय हवी.

बैठकीत एक गोष्ट आधीच सांगून टाक: पहिल्या वर्षाच्या अहवालात 'सोडवलेली मुलं: शून्य' असं असू शकतं. तो आकडा ऐकून कोण थांबतं आणि कोण उठून जातं, त्यावर गट ठरव. बालसंरक्षण नियमांचा मसुदा तयार झाला की पाठव, खुणा करून परत देतो.

तुझा,
शमुवेल