मुखवट्याला भुवया नकोत

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शॉर्टफिल्मची संहिता दोनदा वाचली. गोष्ट पकड घेते, पण खलनायकावर तू जरा जास्तच सामान लादलंयस. लाल डोळे, सुळे, गडगडाटी हसू, वर बालपणाचा पानभर फ्लॅशबॅक! याला पाहून लोक एकदा दचकतील, पण रात्री खिडकीची कडी लागली आहे का हे बघायला कुणी उठणार नाही.

१९७८ चा जॉन कारपेंटरचा भयपट ‘हॅलोविन’ पुन्हा बघ. पैसा बेताचा, त्यामुळे त्यातल्या खुन्यासाठी, मायकेल मायर्ससाठी, खास मुखवटा घडवणं परवडत नव्हतं. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने दुकानातून ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, रबरी मुखवटा दोन डॉलरच्या आत आणला. भुवया नि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला, केस विस्कटले. झालं काम. माणसाचा चेहरा आहे एवढं कळतं, पण त्यावर काही वाचता येत नाही. समोरचा चिडलाय की नुसता बघतोय, हे आपण भुवयांवरून आणि डोळ्यांवरून ओळखतो. इथे भुवया नाहीत आणि डोळ्यांच्या जागी काळी भोकं. मग त्यात काय भरायचं ते प्रेक्षक स्वतःच भरतो. श्रेयनामावलीतही या पात्राला ‘द शेप’ म्हटलंय, नुसती आकृती.

आता त्याची चाल बघ. मुखवट्याआडचा नट निक कॅसल धावत नाही, फक्त चालतो. बॉब नावाच्या पोराला सुरीने भिंतीला खिळवून टांगल्यावर तो समोर उभा राहतो आणि मान हळूच एका बाजूला कलवतो, मग दुसऱ्या. भिंतीवरची तसबीर सरळ लागली आहे का बघावं तसं. अख्ख्या चित्रपटात रक्त अगदी थोडं आहे, पण ती मान विसरता येत नाही. तुझ्या नटाला अशी एकच लकब दे. दोन दिल्यास की अभिनय दिसायला लागेल.

तुझ्या माजघरातल्या प्रसंगासाठी ‘हॅलोविन’चा छायालेखक डीन कंडी याची युक्ती उचल. नायिका लॉरी रडत उभी आहे, मागे दाराची काळी चौकट, आणि त्या काळोखातून मुखवटा हळूहळू उमटतो. डिमरवरचा एक छोटा दिवा, बस. तू असं कर: नट चौकटीच्या आत चार-पाच फुटांवर आधीपासूनच उभा. छोटा एलईडी, त्यावर फिकट निळा जिलेटीन कागद, आणि दिव्याच्या कडेला काळा पुठ्ठा, नाहीतर उजेड चौकटीवर सांडेल आणि सगळं फुटेल. उजेड शून्यापासून पाच-सहा सेकंदांत चढव. मुखवट्याचा रंग मॅट हवा. चकचकीत असला तर नाकाचा शेंडा आधी लकाकतो. आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील ते) दोन्ही हातानं लॉक कर. ऑटोवर ठेवलंस तर कॅमेरा काळोख उजळायला बघेल आणि दाणेदार पडद्यावर नट पहिल्या फ्रेमपासून दिसेल. बहुतेक हौशी फिल्म इथेच मार खातात. संगीताचा दणकाही आधी नको. प्रेक्षकाला तो चेहरा स्वतः सापडू दे, मग दे.

विहिरीतल्या बाईसाठी १९९८ चा जपानी भयपट ‘रिंगू’ आठव. त्यातल्या भुताची, सादाकोची, ती तुटक चाल नटीला उलटं चालवून, मग चित्रीकरण उलटं फिरवून मिळवलेली आहे. मोबाइलच्या ॲपवरही जमतं, फक्त ठिबकणारं पाणी, उदबत्तीचा धूर, मागून जाणारं माणूस यांपैकी काही फ्रेममध्ये नको. थेंब वर चढताना दिसला की हशा पिकलाच म्हणून समज. केस ओले ठेव, पण पिळून.

राहिला तो फ्लॅशबॅक. पान सातवर जे लिहिलंयस ते काढच. ‘हॅलोविन’च्या १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचं सांगून टाकलं आणि त्याच्या वागण्याला कारण चिकटलं. कारण मिळालं की बाकीचे सुटले. आपण काही त्याची बहीण नाही! त्यापेक्षा त्याला नियम दे. ‘तुंबाड’ सिनेमातला शापित देव हस्तर बघ. कणकेची बाहुली हे त्याचं आमिष, पिठाचं रिंगण हे आपलं कुंपण. एवढे दोन नियम प्रेक्षकाला पाठ झाले की पुढे कुणी हावरटपणाने जास्त बाहुल्या घेऊन उतरला, की काय होणार ते पात्राआधी प्रेक्षकाला कळतं आणि तो खुर्चीत आक्रसतो. तुझ्या गोष्टीत उंबरठ्याचा नियम आहेच, पण तो शेवटाला एका वाक्यात उरकलायस. दुसऱ्या प्रसंगात आण, आजीच्या तोंडी, भाजी निवडता निवडता.

सुळे परत करता येत असतील तर कर. माजघराच्या शॉटची चाचणी मात्र खऱ्या शूटिंगआधी घे, आणि ती रात्रीच घे. दिवसा काळा पडदा लावून खिडकीच्या फटीतून उजेड येतोच.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या