२७ फेब्रुवारी: आवडत्या वाचनाची बैठक

सभासदहो,

मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, संध्याकाळी ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जमायचे आहे. प्रत्येकाने दोन पुस्तके आणावीत: एक भाषेच्या अभ्यासाचे, एक निव्वळ आवडीचे. मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणते आहे (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७). एक शब्द शोधायला उघडावा आणि म्हणी वाचण्यात तास जावा, असा हा कोश. त्यात अभ्यास कुठे संपतो ते कळतच नाही.

– प्रत्येकी ५ मिनिटे. उतारा मोठ्याने वाचा, कथानक सांगत बसू नका.
– बोलीभाषेतले लेखन जरूर आणा, ते फार कमी ऐकायला मिळते.
– पुस्तकांची नावे २० तारखेपर्यंत ग्रंथपालांकडे नोंदवा.

– चिटणीस