दाराबाहेरची पेटी

ब्युनॉस आयर्स,
१२ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि हे तर मला बाबांनाच सांगायचंय, म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, इथे ऐन थंडी आहे, आणि तू दिलेला मरून स्वेटर रोज अंगात असतो.

शनिवारी आमच्या वस्तीतल्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. मी व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत. सगळा कार्यक्रम आस्तोर पियाझोला या इथल्या संगीतकाराच्या संगीताचा, म्हणजे टँगोचा. बाबा, टँगो म्हटलं की तुम्हाला जुन्या हिंदी सिनेमातली क्लबातली गाणी आठवणार. ती नाचाची गाणी म्हणून बाजूला सारू नका, कारण ही गोष्ट एका पेटीची आहे.

तिचं नाव बांदोनिऑन. घडण जर्मनीतली, एकोणिसाव्या शतकातली. तिकडून स्थलांतरितांबरोबर ती या बंदरात आली आणि टँगोचा आवाजच होऊन बसली. बसून, मांडीवर घेऊन वाजवतात. मधे लांबलचक घड्यांचा भाता, दोन्ही टोकांना मिळून ७१ बटणं. बहुतेक बटणांना भाता उघडताना एक सूर लागतो, मिटताना दुसरा, म्हणजे एकूण १४२. तुमच्या पेटीत जशा पितळी सुरांच्या पट्ट्या हवेनं थरथरतात, तशाच इथे पोलादाच्या. आपल्या पेटीचंही मूळ युरोपातलंच, म्हणजे या दोघी एकाच घरातल्या.

आमच्यासोबत बांदोनिऑन वाजवणारे गृहस्थ तुमच्याच वयाचे आहेत. परवा तालमीनंतर त्यांनी पेटी माझ्या मांडीवर दिली. एकच बटण दाबून मी हळूच भाता उघडला. सूर लागण्याआधी आतून हवा आल्याचा जो बारीकसा आवाज होतो ना बाबा, तो ऐकला आणि पहाटेची आपली माजघराची खोली आठवली.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. सांगताना तुमचा आवाज चढायचा. भजनाला चालते, नाटकाला चालते, मग तिथे का नाही, असं म्हणायचात. इथे जवळजवळ तेच घडलंय. पियाझोला आठ वर्षांचा असताना न्यूयॉर्कमध्ये वडिलांनी त्याला गहाणवटीच्या दुकानातून बांदोनिऑन आणून दिली. पुढे तो ब्युनॉस आयर्सच्या टँगो मंडळींत वाजवू लागला, आणि त्याच वेळी आल्बेर्तो हिनास्तेरा या संगीतकारांकडे पाश्चात्त्य संगीतरचना शिकू लागला. त्याची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, १९५३ साली इथल्या विद्यापीठाच्या कायद्याच्या विभागाच्या इमारतीत झाली. वाद्यवृंदात त्यानं दोन बांदोनिऑन बसवल्या होत्या. सिंफनीत ही रस्त्यावरची वाद्यं कशाला, यावरून श्रोत्यांमध्ये अक्षरशः हाणामारी झाली.

तरी त्या रचनेला बक्षीस मिळालं आणि तो पॅरिसला नादिया बुलांजे बाईंकडे शिकायला गेला. त्यांच्यासमोर त्यानं टँगोचं नावही काढलं नाही. लाज वाटत होती. बाईंनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, यात स्ट्राविन्स्की, बार्टोक असे मोठे संगीतकार दिसतात, पण तू कुठेच दिसत नाहीस. शेवटी त्यानं संकोचत स्वतःचा एक टँगो पियानोवर वाजवला, तेव्हा बाईंनी सांगितलं की खरा पियाझोला हा आहे, याला सोडू नकोस. हा प्रसंग त्यानंच पुढे सांगून ठेवलाय. तुम्ही मुंबईच्या पाहुण्यांसमोर भजनी मंडळाचा विषय टाळायचात, ते मला आठवतं. तेव्हा कळत नव्हतं. आता वाईट वाटतं.

टँगोचा मोह इतर मोठमोठ्या संगीतकारांनाही पडला होता. स्ट्राविन्स्कीनं १९४० साली एक लिहिला. पुढे १९७७ मध्ये श्निट्केनं कॉन्चेर्तो ग्रोसो या आपल्या वाद्यवृंदाच्या रचनेत एक आणला. श्निट्केचा मला फार आवडतो, पण त्याच्याकडे टँगो पाहुणा म्हणून येतो आणि जातो. पियाझोलाकडे तो घरचाच आहे, म्हणून वाजवणाऱ्याचा हातच बदलावा लागतो. टँगोच्या जुन्या मंडळींत ढोल-ताशे नसत, त्यामुळे ठोका तारांतून काढायची सवय. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या पलीकडे, जिथे गज न्यायचाच नाही असं मला लहानपणी बजावलं होतं, तिथेच गज घासायचा, की रातकिड्यासारखं करकरतं. त्याला इथे चिचार्रा म्हणतात. बारीक तारेवर बोट सर्रकन वर ओढलं की चाबूक. पहिला महिना माझं काही केल्या जमेना.

लय मात्र तुमच्यामुळे जमली. मात्रा केरव्यासारख्या आठच, पण चार-चार नाहीत, तीन-तीन-दोन. मांडीवर टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. आमच्या रांगेतली सगळी पायानं ठोका मोजत होती आणि मी तुमच्यासारखी बोटांच्या पेरांवर.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. पियाझोलानं या शहराच्या चार ऋतूंवर चार रचना केल्या. त्याच्या मृत्यूनंतर लिओनिद देस्यात्निकोव्ह या संगीतकारानं त्या व्हायोलिन आणि तारवाद्यांसाठी मांडल्या आणि विवाल्डी या जुन्या संगीतकाराच्या चार ऋतूंवरच्या प्रसिद्ध रचनांमधले तुकडे त्यात गुंफले. पण इथल्या उन्हाळ्यात त्यानं विवाल्डीचा हिवाळा घातलाय! तू मिरजेत जानेवारीत गोधडी काढतेस तेव्हा मी पंखा लावून बसलेली असते, तेच हे. तालमीत तो तुकडा आला की मला दर वेळी तुझा फोन आठवतो.

आणि बाबा, शेवटची रचना खास तुमच्यासाठी ऐकतेय असं समजा. ती १९७९ सालची. बांदोनिऑन, तारवाद्यं, पियानो, हार्प आणि तालवाद्यं, एवढंच. एकही फुंकायचं वाद्य नाही. त्या सगळ्या वाद्यवृंदात श्वास घेणारी ती एकटीच, तो भाता. मधल्या संथ भागात ती एकटी सुरू होते तेव्हा आम्ही सगळे गज मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसतो. १९८३ साली पियाझोलानं हीच रचना तेआत्रो कोलोनमध्ये वाजवली, इथल्या सर्वांत मोठ्या ऑपेरागृहात, मोठ्या वाद्यवृंदासोबत. त्या हाणामारीनंतर ३० वर्षांनी. मी कोलोनवरून बसनं जाते तेव्हा दाराकडे बघते.

त्या गृहस्थांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. एका हातानं भाता आणि एकाच हातानं सूर, हे त्यांना खरं वाटेना. त्यांना तुमचं वाजवणं ऐकायचंय. गुडघ्यांमुळे पेटी माळ्यावर गेलीय ते आईनं सांगितलं, पण टेबलावर ठेवून खुर्चीत बसून वाजवता येईल. शेजारच्या मुलाला सांगून खाली काढून घ्या. भात्याची मागची घडी हवा सोडत होती, तिथे नवं चामडं लावून घ्या, आणि काळी दोनचा अडकणारा सूरही साफ करून घ्या. पैसे मी आजच पाठवलेत. मग सकाळी सातच्या आत, रस्त्यावर रिक्षा सुरू व्हायच्या आधी, जे मनात येईल ते वाजवा. आई, फोन पेटीपासून हातभर लांब धर, आणि तेवढा वेळ कुकर लावू नकोस.

तुमची,
मनू