पासबुकातील 436 रुपयांची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तालुक्याच्या गावी त्यांचे वेल्डिंगचे दुकान होते. दिवसकार्य आटोपल्यावर बहिणीने कपाटातली कागदांची पिशवी माझ्यासमोर ठेवली, कारण घरात बँकेची नोकरी केलेला मीच. पिशवीत वीजबिले, मुलांच्या फीच्या पावत्या, विम्याचा एक बाँड आणि दोन वर्षे न भरलेले एक पासबुक होते. बँकेत जाऊन ते यंत्रावर भरून घेतले, तेव्हा दोन्ही वर्षी मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये वजा झाल्याची ओळ दिसली आणि तिच्यापुढे इंग्रजी सहा अक्षरे होती. हे कसले पैसे कापले म्हणून ते एकदा चिडले होते, एवढेच बहिणीला आठवत होते.

ती सहा अक्षरे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची होती. बचत खाते असलेल्या 18 ते 50 वर्षे वयाच्या कोणालाही तिच्यात सहभागी होता येते, 1 जून ते 31 मे असे तिचे वर्ष असते आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसांना 2 लाख रुपये मिळतात. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते, म्हणून मेच्या अखेरीस खात्यात पैसे ठेवणे महत्त्वाचे. बहिणीला ती रक्कम मिळाली. पण पासबुक भरून घेण्याचे कोणाला सुचलेच नसते तर ती मागितलीही गेली नसती, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

बाँडची गोष्ट याहून कष्टाची झाली. ती पॉलिसी लग्नाआधी घेतलेली, म्हणून नॉमिनी त्यांच्या आई, आणि त्या सहा वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. नॉमिनी हयात नसेल तर रक्कम विमेदाराच्या कायदेशीर वारसांकडे जाते आणि आपण वारस आहोत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. त्यासाठी बहिणीला कचेऱ्यांच्या आणि वकिलांच्या पायऱ्या कित्येक महिने झिजवाव्या लागल्या. एका साध्या अर्जाने नॉमिनी बदलता आला असता. त्यातच एका पतसंस्थेची नोटीस आली आणि मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते, हे पहिल्यांदा घरात समजले.

मेहुणे बेजबाबदार नव्हते. त्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता. मात्र या विषयावर घरात कधी बोलणे झाले नाही. आपल्याकडे मरणाचा विषय निघाला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून गप्प करतात, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून वडीलधारी माणसे दटावतात. बायकोने विमा किती आहे असे विचारले तर ती नवऱ्याच्या जिवावर उठल्यासारखे पाहिले जाते. मीही कधी विचारले नाही, कारण बहिणीच्या सासरच्या पैशापाण्यात भावाने लक्ष घालणे बरे दिसत नाही. बत्तीस वर्षे काउंटरवर बसून अशा कितीतरी बायकांना कागद आणायला परत पाठवणाऱ्या माणसाने तरी हा संकोच सोडायला हवा होता, याची खंत मला आहे.

विमा किती असावा, याचा हिशेबही घरच्यांनी मिळून करायला हवा. बहिणीच्या घरचा खर्च महिन्याला सुमारे 25 हजार रुपये आणि बाँडवरची विमा रक्कम 3 लाख, म्हणजे बरोबर एका वर्षाचा खर्च. दुकानाचे कर्ज वेगळेच. बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीत हप्ता मोठा आणि संरक्षण थोडे असते. त्याच हप्त्यात मुदत विम्याचे म्हणजे टर्म पॉलिसीचे संरक्षण कितीतरी पटीने अधिक मिळते. ‘जिवंत राहिलो तर पैसे बुडाले’ हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप मला मान्य नाही. दुकानाचा आगीचा विमा उतरवताना आग लागली नाही म्हणून कोणी हळहळत नाही. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला आहे. शिवाय आयकराच्या नव्या प्रणालीत विमा हप्त्यावर वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्च अखेरीस घाईने, नात्यातल्या एजंटाच्या भिडेखातर पॉलिसी घेण्याचे निमित्तही कमी झाले आहे.

ज्यांचा धंदा कर्जावर चालतो त्यांनी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याची माहिती जरूर घ्यावी. विवाहित पुरुषाने पॉलिसी घेतानाच ती या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे केली तर ती रक्कम त्यांच्यासाठीची विश्वस्त ठेव ठरते आणि नवऱ्याच्या सावकारांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावे लागते, मागाहून नाही. दुकानदारांना ही तरतूद माहीत असल्याचे मला नोकरीत फार क्वचित आढळले.

प्रस्ताव अर्ज भरतानाही बायको शेजारी बसलेली असावी. एजंट भराभर ‘नाही, नाही’ लिहितो आणि आपण खाली सही करतो. रक्तदाबाची गोळी किंवा तंबाखू त्यात राहून जाते आणि पुढे क्लेमच्या वेळी तेच आडवे येते. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही हे खरे, पण त्या तीन वर्षांत काही झाले तर निस्तरावे लागते घरच्यांनाच. कारखान्यात नोकरी करणाऱ्यांच्या घरीही एक गोष्ट माहीत हवी: भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या विमा योजनेत कामगाराचा स्वतःचा हप्ता नसतो, आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला कमाल 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते.

नॉमिनी लावला म्हणजे सगळे झाले, असेही समजू नये. शेअरचा नॉमिनी हा मालक ठरत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. घर, जमीन, ठेवी यांसाठी मृत्युपत्र वेगळे करून ठेवावे.

बहिणीने आता एक दोनशे पानी वही केली आहे. खाती, पॉलिसी क्रमांक, हप्त्याच्या तारखा, कोणाला दिलेले आणि कोणाकडून घेतलेले पैसे, जामीन राहिलो असल्यास त्याची नोंद, सगळे मुलीच्या अक्षरात आहे आणि ती वही कुठे ठेवली आहे हे दोन्ही मुलांना ठाऊक आहे.

माझी बँकांना विनंती आहे की विमा हप्त्याची नोंद पासबुकात मराठीत आणि पूर्ण नावाने छापावी, आणि बचत गटांच्या बैठकांत वर्षातून एकदा हा विषय घ्यावा. आपणही अशा नोंदवहीचा एक पानी नमुना आपल्या दैनिकात, कापून ठेवता येईल असा छापावा. तो तयार करून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सांगली जिल्हा