बाळपण किती वर्षांचं?

दांडिया बाजार, बडोदे
१२ जून

प्रिय नीलू,

बाळपणावरच्या तुझ्या भाषणाचं टिपण वाचलं. मंडळातल्या आयांसमोर बोलायचंय आणि सुरुवात रूसोसारख्या युरोपी तत्त्वज्ञापासून? निम्म्याजणी मोबाइल काढतील. मुलांच्या शिक्षणावरचं त्याचं १७६२चं ‘एमील’ राहू दे शेवटाकडे. तू वयापासून सुरू कर. ‘मूल किती वर्षांचं?’ हे शाळा कधीपासून विचारायला लागली, तिथेच सगळी मेख आहे.

पंतोजींना त्याचं फारसं पडलेलं नसे. मुलगा कुठे बसणार, ते त्याला काय येतं त्यावर ठरायचं. पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर गिरवायचं, पाटी हलवून पुसायचं. हात बसला की बोरू आणि शाई, मग मोडी. तोंडी पाढे, आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सभेत कुणाला येत असेल तर तिचा चहा माझ्याकडून.) जाणती पोरं धाकट्यांना शिकवत. या व्यवस्थेत छडी भरपूर होती, पण नापास होता येत नव्हतं. बरोबरीचा वर्गच नाही, तर मागे पडणार कुणाच्या?

‘पूर्वी बाळपण नव्हतंच’ असं मात्र म्हणू नकोस. आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली युरोपातल्या मध्ययुगाबद्दल जवळपास तसं मांडलं आणि त्यावर पुष्कळ टीकाही झाली. आपल्याकडे तर अंगाई आहे, बाळलेणी आहेत, कृष्णाच्या खोड्या आहेत. घरात बाळपण होतं, ते शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत जायचं, इतकंच.

आता आमचं बडोदं. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. मूल पाठवलं नाही तर पालकांना दंड. फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्ती मागितली होती, तेही सांग. पण खरा मुद्दा बडोद्याच्या सक्तीतल्या वयाच्या आकड्यांत आहे: मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १०. त्याआधी संस्थानाच्याच १९०४च्या कायद्याने लग्नाचं किमान वय मुलीला १२ आणि मुलाला १६ केलेलं. म्हणजे मुलीची शाळा दहाव्या वर्षी सुटली आणि लग्न बाराव्याआधी नाही. मधली दोन वर्षं ती कुठे असेल, हे तुझ्या श्रोत्यांना सांगावं लागणार नाही. काळाच्या मानाने हे कायदे धाडसाचे होते, पण मुलीचं बाळपण त्यांनी मुलापेक्षा आखूड मोजलं, शाळेत दोन वर्षांनी आणि लग्नात चार, हेही स्वच्छ म्हण.

सक्ती आली की हजेरीपट लागतो आणि पटाला जन्मतारीख. ती घरात कुणाला ठाऊक नसेल तर गुरुजी १ जून लिहून मोकळे. आपल्या मागच्या पिढीत १ जूनवाले किती सापडतात, हात वर करायला लाव. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळेबाहेरच्या मुलाला थेट वयाच्या वर्गात बसवायचं ठरवलं. त्याच्याबरोबर विशेष प्रशिक्षणही सांगितलंय. ते नीट झालं नाही तर मूल सहावीच्या बाकावर बसून दुसरीचं वाचत राहतं.

दुसरी वाट भावनगरची. गिजुभाई बधेकांचं लहान मुलांसाठीचं बालमंदिर १९२०चं; ताराबाई मोडक तिथे १९२३मध्ये गेल्या. त्यांनी इटलीच्या माँटेसरीबाईंचं शिकायचं साहित्य आपल्या भाषेत, आपल्या खर्चात बसवायचा प्रयत्न केला. यावर भाषण देऊ नकोस, त्या साहित्यातली दट्ट्यांची पेटी काढ. एका ठोकळ्यात दहा भोकं, दहा दट्टे. बारीक दट्ट्या रुंद भोकात गेला की शेवटी एक जाडा हातात उरतो आणि तो कुठेच बसत नाही. चूक पेटी दाखवते, बाई नाही. तीन वर्षांच्या मुलावर एवढा भरवसा पंतोजींनी टाकला नसता.

जाडी बदलणारी पेटी घे, नुसत्या उंचीची नको. तिच्यात प्रत्येक दट्ट्या प्रत्येक भोकात जातो. चूक असली तर तो फक्त वर डोकावतो किंवा आत बुडतो आणि नवख्याला ते कळत नाही. एखाद्या आईलाच करायला बसव. बाकीच्या ‘अगं, तो नाही, तो!’ म्हणून ओरडतील. त्यांना ओरडू दे, मग तिथूनच पुढे बोल.

पेटी परवा येणाऱ्यांबरोबर पाठवते. दट्टे मोजून घे आणि मोजूनच परत दे. एक हरवला तर पेटी चूक दाखवायची बंद होते.

तुझी,
मंदा